पेन्सिलीनं लिहिलेलं ‘नको’ : एका खाजनाच्या प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

चार पावसाळे आमच्या खाजनात भात झालं नव्हतं. पाचवा तोंडावर आला होता आणि बांधाची खांड, म्हणजे फुटलेली जागा, तशीच उघडी होती.

गाव फोंडा तालुक्यातलं, जुवारीच्या काठचं. त्याचं नाव इथे देत नाही, कारण पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं लोक घरात बोलावं तसं मोकळेपणी बोलले होते. माझं हे माहेर. पुण्यात नियोजनाच्या कामात वीस वर्षं काढून परत आले, तेव्हा खाजनाचा प्रश्न सोडवायला मला कोणी बोलावलं नव्हतं. आईच्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं म्हणून मी बांधावर बघायला गेले, एवढंच.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे भातजमिनीचे ढोबळ तीन प्रकार मानतात: वरच्या अंगाची मोरड, मधली खेर आणि भरतीच्या पातळीखालचं खाजन. खाजन निसर्गानं आयतं दिलेलं नाही. खाडीचं पाणी अडवून, चिखल आणि जांभ्या चिऱ्यांचे बांध घालून पूर्वजांनी ते मिळवलं. या बांधात एका जागी मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं दारं आपसूक मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. मानशीच्या आत पोंय, पाणी साठायची खोलगट जागा. पावसाच्या पहिल्या सरी जमिनीतलं मीठ धुतात, ते पाणी ओहोटीला मानशीतून जातं आणि मग कोरगुट किंवा आसगो यांसारखं खार सोसणारं भात पेरतात. पीक निघाल्यावर त्याच मानशीतून खारं पाणी बेतानं आत घेतलं की शेवटे, काळुंदर हे मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, पोंयीत येतात आणि ओहोटीला दाराशी जाळं लावून ती धरतात. ही मासेमारी पावणीला, म्हणजे लिलावाला, जाते. एकाच दारावर भात, मासे आणि मागच्या वाड्यांच्या विहिरी टांगलेल्या असतात.

ते दार कधी उघडायचं हे पूर्वी गावकरी संस्था ठरवायची. पोर्तुगीज अमलात तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनं कसणाऱ्याला मालकीचा हक्क दिला. न्याय म्हणून ते मला पूर्ण पटतं. माझे आजोबा कूळच होते. पण बांधाचं सामायिक ओझं कोणी वाहायचं? १९७५ च्या नियमांनी ते कुळांच्या संघटनेवर सोपवलं. आमच्या गावी संघटना होती, तिची पावणीही दरवर्षी होत होती; बांधावर चिखल टाकायला मात्र माणसं येईनाशी झाली होती. कुळांची मुलं वास्कोत, वेर्ण्याच्या कारखान्यांत, काही आखातात. ज्यांच्या नावावर कुणग्या, म्हणजे शेताचे तुकडे, होत्या त्यांतल्या कित्येकांनी मानस वर्षानुवर्षं पाहिलीही नव्हती.

मग एका भरतीला बांध फुटला. कसा फुटला यावर गावात तीन मतं होती. खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी तो आतून पोखरला होता, हे एक. कुर्ल्यांच्या बिळांकडे कोणी लक्ष दिलं नाही, हे दुसरं. तिसरं मत हळू आवाजात सांगितलं जाई: मासे जास्त मिळावेत म्हणून कोणीतरी तो फोडला. आत खारं पाणी राहिलं, वर्षभरात खारफुटीची रोपं उभी राहिली आणि प्रश्नात वनखातंही आलं.

गुणांचा तक्ता

माझ्याआधी एक प्रयत्न झाला होता आणि तो प्रामाणिक होता. गावातल्या एका इंजिनिअर मुलानं संगणकावर तक्ता केला. भात, मासे, विहिरी, खर्च, पर्यावरण अशा पाच गोष्टींना वजन द्यायचं, प्रत्येक पर्यायाला दहापैकी गुण द्यायचे, गुणाकार-बेरीज करून सर्वांत वरचा पर्याय घ्यायचा. पहिल्या बैठकीत भात वर आलं. दुसऱ्या बैठकीला मासेमारीतली माणसं जास्त आली, वजनं बदलली आणि मासे वर आले. तिसरी बैठक झालीच नाही.

त्या मुलाची यात चूक नव्हती. देवळाला नव्याच्या सणाची पहिली कणसं आपल्या शेतातून जाणं याला दहापैकी किती गुण द्यायचे? शेजाऱ्यावरचा विश्वास उडाला, त्याचे किती वजा करायचे? आकडा दिला की तो आकडा कुठून आला यावरच भांडण होतं, मूळ गोष्ट बाजूला राहते. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ साली एका निबंधात अशा गुंत्याच्या सामाजिक प्रश्नांची दहा लक्षणं मांडली होती. त्यांतली दोन मला खाजनावर उभी राहून आठवली. पहिलं, अशा प्रश्नाची मांडणी करणं म्हणजेच त्याच्या उत्तराची दिशा ठरवणं: ‘बांध फुटला’ म्हटलं की उत्तर कंत्राटदाराकडे जातं, ‘विहिरी खारावल्या’ म्हटलं की नळाकडे. दुसरं, इथे करून बघण्याची मोफत संधी नसते. एकदा आत खारफुटी वाढू दिली की ‘बघू, नाही जमलं तर मागे फिरू’ म्हणता येत नाही.

आकड्यांशिवाय शिस्तीनं विचार करायच्या पद्धती जगात आहेत. तज्ज्ञांना एकमेकांचं नाव न कळू देता फेऱ्याफेऱ्यांनी विचारणारी डेल्फी पद्धत आहे. ब्रिटनच्या पीटर चेकलंड यांनी घडवलेली, वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून एकाच व्यवस्थेची चित्रं काढणारी सॉफ्ट सिस्टिम्स पद्धत आहे. डेल्फी इथे निरुपयोगी होती, कारण आमच्या गावात नाव लपत नाही. मी निवडली ती मॉर्फॉलॉजिकल अ‍ॅनालिसिस. मराठीत मी तिला रचना-विश्लेषण म्हणते. ती फ्रिट्झ झ्विकी या स्विस खगोलशास्त्रज्ञाची. १९३३ साली कोमा दीर्घिकासमूहाच्या अभ्यासातून न दिसणाऱ्या वस्तुमानाचा अंदाज बांधणारे ते हेच. जेट इंजिनांचे संभवनीय प्रकार शोधताना त्यांनी ही पद्धत वापरली. पुढे स्वीडनच्या संरक्षण संशोधन संस्थेत टॉम रिची यांनी १९९० च्या दशकात तिला संगणकाची जोड दिली आणि ती धोरणाच्या, समाजाच्या प्रश्नांकडे वळवली.

कल्पना साधी आहे. प्रश्नाचे मुख्य घटक शोधायचे आणि प्रत्येकाचा एक रकाना करायचा. त्या घटकाच्या बाबतीत काय काय होऊ शकतं ते सगळं रकान्यात लिहायचं. प्रत्येक रकान्यातून एकेक गोष्ट उचलली की एक संपूर्ण रचना तयार होते. अशा रचना हजारोंनी निघतात, म्हणून त्या एकेक तपासत बसायचं नाही. फक्त जोड्या तपासायच्या: ही गोष्ट आणि ती गोष्ट एकत्र नांदू शकतात का? जी जोडी नांदत नाही, ती ज्या ज्या रचनेत असेल त्या सगळ्या बाद.

अग्रशाळेतले रविवार

देवस्थानच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या वास्तूत, आम्ही जमलो. बोलणं अर्थातच कोकणीत होई आणि भिंतीवरच्या कागदावर मराठीत लिहिलं जाई. देवळाचे हिशेब, जत्रेतल्या नाटकांच्या नकला जशा मराठीत, तसंच ते कोणाला वेगळं वाटलं नाही. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरांच्या पाठी, एकमेकांना चिकटवलेल्या.

रकाने पाडताना पहिलाच अडथळा आला. कूळ संघटनेचे जुने खजिनदार म्हणाले, “पहिला रकाना, बांध कोणी फोडला.” बरीच डोकी हलली. मी म्हटलं, काका, जे अजून आपल्या हातात आहे तेच रकान्यात येतं. कोणी फोडला हे आता ठरवून बदलत नाही. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे त्याला मोकळा सोडायचा?” याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. ज्याच्यावर संशय होता तो माणूस त्या दिवशी मागच्या बाकावर बसला होता. तो रकाना झाला असता तर पुढची एकही बैठक झाली नसती, एवढंच मला ठाऊक होतं. पद्धतीचा नियम मी ढालीसारखा वापरला.

पहिल्या दिवशी सहा रकाने झाले. बांधाचे चार पर्याय: नव्यानं पूर्ण चिऱ्यांचा, खांड जुन्या रीतीनं चिखल-चिऱ्यांनी भरलेला, मागे सरून आत नवा बांध, किंवा तसाच सोडून दिलेला. मानस तिघांपैकी कोणाच्या हाती: पावणीत घेणाऱ्याच्या, संघटनेच्या पगारी माणसाच्या, की दोघांच्या मिळून दोन किल्ल्यांनी. जमिनीचे चार: सगळीकडे सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात, भातावर वायंगणात, म्हणजे हिवाळी हंगामात, भाजी, सखल भागात भातानंतर मासे, सगळीकडे बारमाही मासे. खारफुटीचे तीन: आहे तेवढी राखणं, बाहेरची राखून आत नव्यानं पसरू न देणं, सगळी काढणं. राबणार कोण, यात तीन: ज्याचं तो, गटानं पॉवर टिलर लावून, किंवा बाहेरच्याला कसायला देऊन. पैशाचे चार: सरकारी दुरुस्ती, पावणीचं उत्पन्न, घरटी वर्गणी, बाहेर राहणाऱ्या मालकांचा वाटा. गुणाकार केला तर रचना १७२८. जोड्या मात्र १८३.

‘खारफुटी सगळी काढणं’ कायद्यानं होणार नाही हे मला माहीत होतं. तरी ते लिहू दिलं. लोकांच्या मनात जे आहे ते कागदावर आलं नाही तर ते बैठकीबाहेर, तिठ्यावर बोललं जातं आणि तिथे त्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

दुसऱ्या रविवारी बायका आल्या. त्यांना बोलावलेलं नव्हतं; शेतकऱ्यांची बैठक म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की पुरुष येतील. माझ्या आईच्या वयाची एक बाई कागदासमोर उभी राहिली, रकाने मला मोठ्यानं वाचायला लावले आणि म्हणाली, “बाय, यात पाणी कुठे आहे?” कोणीतरी म्हणालं, मानस म्हणजेच पाणी. ती म्हणाली, “ते तुमचं पाणी. आमचं पाणी विहिरीत.”

त्यावर दीड तास गेला आणि तो या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत कामाचा दीड तास होता. विहीर हा रकाना होऊ शकत नाही, कारण विहीर खारी ठेवायची की गोडी हे कोणी थेट ठरवत नाही; ते परिणामात येतं. मग ठरवता येण्याजोगं काय आहे? बोलता बोलता सापडलं: खारं पाणी कुठवर येऊ द्यायचं. बांधापर्यंतच, पोंयीपुरतं, की पहिल्या मेरेपर्यंत, म्हणजे शेतातल्या पहिल्या आतल्या बांधापर्यंत. हा सातवा रकाना. चार वर्षं गावाचा प्रश्न ‘भात की मासे’ असा होता. त्या संध्याकाळी तो ‘खारं पाणी कुठवर’ असा झाला, आणि या प्रश्नावर भातवाला, मासेवाला आणि विहीरवाली तिघं एकाच मेरेकडे बोट दाखवून बोलू शकत होती.

सातव्या रकान्यानं रचना तिपटीनं वाढून ५१८४ झाल्या, जोड्या मात्र फक्त ६३ नं वाढून २४६. ही पद्धत हातानं, कॅलेंडरच्या पाठीवर करता येते ती याचमुळे.

तीन प्रकारचं ‘नाही’

जोडी बाद करताना कारण सांगावं लागतं, आणि कारणं तीनच प्रकारची असतात. एक, तर्कातच बसत नाही. बांध तसाच सोडायचा आणि खारं पाणी बांधापर्यंतच थोपवायचं, हे शब्दांतच एकमेकांना छेद देतं. दोन, तर्कात बसतं पण जमिनीवर, निसर्गात किंवा कायद्यात होत नाही. तीन, होऊ शकतं, पण आम्हाला नको. पहिल्याला मी लाल शाई दिली, दुसऱ्याला निळी. तिसऱ्याला पेन्सिल.

पेन्सिल मी सहज निवडली होती. खोडता यावं म्हणून. पुढचे चार रविवार तिच्यावरच गेले. कारण असं दिसू लागलं की गावात वर्षानुवर्षं ‘होत नाही’ म्हणून सांगितलं जाणारं बरंच काही खरं तर ‘नको’ होतं.

पहिली अशी जोडी: मानस पावणीवाल्याच्या हाती आणि सगळीकडे सरदाचं भात. “होतच नाही,” असा एकमुखी आवाज आला. तो रोपणीनंतर खारं पाणी आत घेतो, तरवा, म्हणजे भाताची रोपं, जळतो, सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मी निळी शाई उचलली. तेवढ्यात गावातले सर्वांत वृद्ध काका, ज्यांनी तरुणपणी मानस राखली होती, म्हणाले, “आमच्या वेळी पावणी होतीच की. आणि भातही होतं.” मग फरक काय? ते सांगत गेले. पेरणीपासून कापणीपर्यंत दार फक्त पाणी बाहेर जायला. कापणीनंतर पाणी आत, पण पोंयीच्या काठावरच्या एका चिऱ्यापर्यंत. तो चिरा सगळ्यांना माहीत असे, त्याच्यावर पाणी गेलं तर पावणी मोडली. तो चिरा कुठे आहे, विचारल्यावर कळलं की आता गाळाखाली आहे. म्हणजे जोडी अशक्य नव्हती. तिची एक अट हरवली होती. आम्ही तिथे निळी फुली मारली नाही. पेन्सिलीनं लिहिलं: चिरा असेल तर.

खारफुटीचं लवकर उरकलं. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे. खाजनाला लागून असलेली खारफुटी राखायची आणि खाजनात बांधकाम-विकास नाही. ‘सगळी काढणं’ या एका पर्यायाचे २१ चौकोन सलग निळे झाले आणि तेवढ्यानं ५१८४ पैकी १७२८ रचना गेल्या. ज्यांना ती काढायची होती त्यांनीच शेवटच्या फुल्या मारल्या. नदीच्या बाजूची खारफुटी बांधावरची लाट मोडते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

बाहेरच्याला कसायला देण्याची गोष्ट अवघड होती. “कायद्यानं नाही येत,” असं दोघा-तिघांनी ठासून सांगितलं. मामलेदार कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना विचारलं: नेमका कोणता कायदा? त्यांनी शांतपणे समजावलं की इथे कागदापेक्षा भीती मोठी आहे. आपण स्वतः कुळं होतो आणि कायद्यानं मालक झालो. उद्या आपण ज्याला कसायला देऊ तो आपल्याच वाटेनं येईल, ही ती भीती. अग्रशाळेत एकदम शांतता झाली. आपल्या आजोबांना मिळालेल्या न्यायाचीच आपल्याला धास्ती वाटते, हे उघड ऐकणं सोपं नव्हतं. निळं लिहिलेलं कागद चिकटवून झाकलं आणि वर पेन्सिलीनं ‘नको’ लिहिलं. कोणी विरोध केला नाही. ते ‘नको’ अजून तिथे आहे, आणि मला वाटतं ते असायला त्यांचा हक्क आहे. फक्त ते आता कायद्याच्या नावानं बोललं जात नाही.

चौथ्या रविवारी जे घडलं ते मी विसरणार नाही. बांध तसाच सोडणं, सगळीकडे बारमाही मासे, खारं पाणी पहिल्या मेरेपर्यंत: या जोड्या एकामागून एक तपासताना एका तरुणाच्या लक्षात आलं की मेरेची उंची वाढवली तर त्यांत लाल काही निघत नाही, निळंही फार नाही. म्हणजे खाजन सोडून देणं ही एक सुसंगत रचना होती. चार वर्षं गाव नकळत तिच्याच दिशेनं चाललं होतं आणि कोणी ती निवडली नव्हती. तो म्हणाला, “हे होऊ शकतं. खरं तर हेच होतंय.” कोणी रागावलं नाही. खूप वेळानं एक आजी म्हणाली, “मग नव्याची कणसं कुठून आणायची? विकत?”

भाद्रपदात नवं येतं तेव्हा शेतातली पहिली कणसं वाजतगाजत देवळात जातात आणि मग घरोघर दाराला बांधली जातात. चार वर्षं ती शेजारच्या गावातून येत होती. सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. आजीच्या प्रश्नाला गुणांच्या तक्त्यात जागा नव्हती. या कागदावर होती. खजिनदार काकांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: नको.

उरलं ते

२४६ जोड्या संपल्यावर त्याच इंजिनिअर मुलानं त्या संगणकात घातल्या आणि उरलेल्या रचना काढल्या. चाळीसेक होत्या. बहुतेक एकमेकींच्या सख्ख्या बहिणी, एखाद्या रकान्यापुरत्या वेगळ्या. त्यांना चार घराण्यांत बसवता आलं आणि लोकांनी पहिल्यांदाच चार पूर्ण चित्रं शेजारी शेजारी पाहिली.

निवड मतदानानं झाली नाही. तीन आठवडे कागद भिंतीवर राहिला, लोक येता-जाता बघत राहिले आणि एक चित्र हळूहळू सर्वांच्या तोंडी आलं. खांड जुन्या रीतीनं भरायची, त्यासाठी कृषी खात्याच्या मृद् संधारण विभागाकडे अर्ज. रोजची डागडुजी पावणीच्या पैशातून. वरच्या कुणग्यांत सरदाचं भात, सखल भागात कापणीनंतर मासे. खारं पाणी पोंयीपुरतं, त्याची खूण म्हणून गाळातून तो चिरा शोधून काढायचा. मानशीला दोन कुलपं, एक किल्ली मासे घेणाऱ्याकडे, दुसरी कुळांकडे. पॉवर टिलर गटाचा, आणि कोणाच्या कुणगीत आधी जायचा हे चिठ्ठ्यांनी.

चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. गटशेतीच्या रकान्यावर सगळे ‘मजूर मिळत नाहीत, माणसं मिळत नाहीत’ म्हणत होते. जोड्या तपासताना एकजण वैतागून बोलून गेला की माणसं मिळतात हो, कोणाच्या शेतात आधी जायचं यावर आमचं जमत नाही. ज्या दिवशी हे बोललं गेलं त्या दिवशी उपायही सुचला.

चिरा सापडला. गुडघाभर गाळाखाली, वृद्ध काकांनी काठी टेकवली तिथून दोन हातांवर. त्या दिवशी राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, रोट ठेवला गेला आणि मीही तिथे हात जोडले. बांधाची खांड पावसाआधी भरली गेली. सरदाला वरच्या भागातच भात लावलं, जमीन अजून खारावलेली होती आणि उतारा जेमतेम आला. पण नव्याला कणसं आमच्या खाजनातली गेली.

विहिरींचं काय झालं हे बायका स्वतः बघतात. त्यांची कसोटी साधी आहे: कपड्यांना लावलेल्या साबणाला फेस येतो का. देवळामागच्या दोन विहिरींना येऊ लागला आहे. आईच्या विहिरीला अजून नाही.

जे पद्धतीनं केलं नाही

दोन किल्ल्यांची व्यवस्था पहिल्याच वर्षी अडली. ज्याच्याकडे कुळांची किल्ली होती तो कामाला वास्कोला जाई. ऐन रात्री ओहोटीला दार उघडायला तो नसे आणि मासे घेणाऱ्याचं नुकसान होई. एकदा त्यानं कुलूप तोडलं. पाणी चिऱ्याच्या खालीच होतं, म्हणून भांडण वाढलं नाही. आम्ही जोड्या तपासल्या होत्या, पण ‘किल्ली धरणारा गावात राहतो का’ हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नव्हता. रकान्यांत जे येत नाही ते ही पद्धत पाहू शकत नाही. तिची मर्यादा तिच्या पहिल्याच दिवशी ठरते.

ज्याच्यावर बांध फोडल्याचा संशय होता तो दुसऱ्या रविवारनंतर आला नाही. त्याची बाजू कागदावर कधीच आली नाही. बाहेर राहणाऱ्या मालकांतले दोघे फोनवर बोलले, बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही; ‘मालकांचा वाटा’ हा पर्याय आम्ही त्यांच्यावाचून तपासला. या पद्धतीचे जाणकार सहा-आठ जणांचा गट सुचवतात. आमच्याकडे कधी बारा, कधी वीस माणसं असत आणि अवघड जोडीवर मोठा आवाज जिंकण्याचा धोका सतत होता. त्यावर मी एकच उपाय केला: फुली मारणारा हात बोलणाऱ्याचा नसावा. ज्यानं ‘होत नाही’ म्हटलं त्याला कारण दुसऱ्याला पटवावं लागे, आणि शाई दुसऱ्याच्या हातात असे. हा नियम मी कुठे वाचलेला नाही. पुन्हा करायचं झालं तर तो मी पहिल्या दिवसापासून लावीन.

आणि बायकांना पहिल्या रविवारी बोलावीन. सातवा रकाना योगायोगानं मिळाला. ती बाई त्या दिवशी देवळात दिवा लावायला आली नसती तर आम्ही १७२८ रचनांवर खूश राहून चुकीच्या प्रश्नाचं नीटनेटकं उत्तर काढलं असतं.

कागदावर पेन्सिलीच्या ३८ खुणा आहेत. यंदाच्या पावणीआधीच्या रविवारी तो पुन्हा अग्रशाळेच्या भिंतीवर लावायचा असं ठरलं आहे. दुसरी किल्ली कोणाकडे, हा आठवा रकाना असेल, आणि मासे घेणाऱ्यानं तो स्वतः मागितला आहे.